आठ शिट्ट्या होऊनही कडधान्य कच्चंच? दाणा, पाणी की आंबट, दोष कोणाचा ते असं शोधा

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघींनी मला हा प्रश्न विचारला आणि तिघींचं म्हणणं अगदी एकच, की रात्रभर भिजवलं, कुकरला आठ-आठ दहा-दहा शिट्ट्या दिल्या तरी राजमा दाताखाली कचकन येतो, आणि पुढच्या वेळी घाबरून पंधरा दिल्या तर अर्ध्या दाण्यांचा गाळ आणि बाकीचे अर्धे तसेच ताठ. मी स्वतः यातून जवळजवळ दोन वर्षं गेलेय त्यामुळे म्हटलं आता सगळं नीट लिहूनच टाकावं.

आमच्याकडे झालं असं की आम्ही वीस वर्षं इंदूरच्या रामबागेत राहिलो, जुनं घर, नळाला नर्मदेचं पाणी, आणि रविवार सकाळी उसळ-पोहे ठरलेले. (इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आपल्याकडे पोह्यांवर शेव आणि जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, तर असतंच पण उसळ घालून पोहे हा वेगळाच प्रकार आहे, ज्याने खाल्ला त्याला समजावायची गरज नाही.) ती उसळ आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पांढऱ्या वाटाण्याची करायच्या, चार शिट्ट्यांत दाणा अख्खा पण आतून लोणी. मग तीन वर्षांपूर्वी आम्ही बायपासच्या बाजूला फ्लॅटमध्ये आलो. सियागंजातला दुकानदार तोच, कुकर तोच, उसळ करणाऱ्या आई त्याच, आणि पहिल्याच रविवारी वाटाणे शिजेनात. चार झाल्या, सहा झाल्या, दहा झाल्या. आईंनी झाकण उघडून एक दाणा बोटाने दाबला आणि म्हणाल्या, "अगं हा आतून अजून खडा आहे."

मग आम्ही जे केलं ते सगळेच करतात, दिसेल त्यावर संशय. आधी दुकानदार. तो म्हणाला "भाभीजी, माल तो एकदम नया है", मी मनात म्हटलं हे काय तू कबूल करणारेस थोडीच. मग कुकरची रिंग बदलली, शिट्टी बदलली. मग सोडा वाढवला, तर उसळीला साबणासारखी चव यायला लागली आणि मुलांनी ताटली बाजूला सारली. हे असं किती महिने चाललं. शेवटी एकदा भिजवायला काढलेले वाटाणे जास्त झाले म्हणून त्यातले कोरडेच अर्धे किलो जाऊबाईंकडे रामबागेत दिले, आणि संध्याकाळी त्यांचा फोन, "वाटाणे मस्त निघाले हो, चार शिट्ट्यांत झाले." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तोच दाणा तिथे शिजतो आणि इथे नाही, म्हणजे दाणा निर्दोष आहे आणि दुकानदारही. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे आणि मी तोपर्यंत त्याचा विचारच केला नव्हता, कारण प्यायला आरओ आहे आणि स्वयंपाकाला नळ, हे हाताला सवयीचं झालेलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की शिट्ट्या वाढवायच्या आधी एक वाटी-टेस्ट करा, एक रात्र आणि अर्धा तास लागतो, आणि त्यानंतर आयुष्यभर अंदाजपंचे राहत नाही. तीन छोट्या स्टीलच्या वाट्या किंवा डब्या घ्या, प्रत्येकीत तेच कडधान्य पंचवीस दाणे मोजून टाका. पहिल्या वाटीत घरात जे पाणी वापरता ते, दुसरीत आरओचं किंवा विकतच्या बाटलीचं, तिसरीत परत घरातलंच पाणी पण चिमूटभर खायचा सोडा घालून. रात्रभर भिजू द्या, सकाळी ते पाणी टाकून त्याच-त्याच प्रकारचं ताजं पाणी घाला, तिसरीत परत सोड्याची चिमूट, आणि तिन्ही वाट्यांवर ताटल्या ठेवून एकाच कुकरमध्ये एकदमच लावा. एकाच कुकरमध्ये हे महत्त्वाचं, नाहीतर मग आच वेगळी होती का वेळ वेगळी होती हा वाद राहतो. डब्यात शिजायला थेट कुकरमध्ये शिजवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो म्हणून शिट्टी झाली की बारीक गॅसवर तीस मिनिटं द्या.

आता उघडून दाबून बघा. आरओवाली वाटी मऊ आणि घरच्या पाण्याची टणक, तर दोष पाण्याचा. दोन्ही साध्या वाट्या टणक आणि फक्त सोड्याची मऊ, तर दाणा जुना आहे. तिन्ही टणक, तर दाणा फारच जुना, त्यात वेळ घालवू नका. आणि तिन्ही मस्त मऊ झाल्या तर मग दाणाही ठीक, पाणीही ठीक, गडबड तुमच्या कृतीत आहे, बहुतेक आंबटात किंवा गुळात, त्याबद्दल खाली लिहितेय कारण आपल्या मराठी घरांत ते फारच होतं. याशिवाय सकाळी भिजलेले दाणे बघताना प्रत्येक वाटीत किती दाणे फुगलेच नाहीत तेही मोजा. ते गणंग.

गणंग आणि जुना दाणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात, त्यामुळे उपायही चुकतो. गणंग, काही घरांत कुचर म्हणतात, हा दाणा पाणी पीतच नाही. त्याची साल इतकी बंद झालेली असते की बारा तासांनीही तो कोरडा होता तेवढाच असतो, तसाच चकचकीत, ताटलीत टाकला तर टणकन वाजतो. मटकी, मूग आणि कुळीथ यांत हे जास्त. मोड आलेल्या मटकीत एखादा राहिला तर दातच जातो, आमच्या आजेसासऱ्यांच्या दाताचं असंच झालं होतं म्हणून आई अजूनही मोड आलेली मटकी परातीत भरपूर पाण्यात घालून हाताने ढवळतात आणि वरची वर मटकी काढून घेतात, गणंग जड असतात ते तळाशी राहतात. ही इतकी साधी गोष्ट आहे पण मी नव्या मुलींना करताना पाहिलेली नाही, प्लीज करा. गणंगांवर सोड्याचा काही उपयोग नाही कारण सोडा आत शिरणारच कुठून. त्याला गरम पाणी लागतं: पाणी उकळून त्यात दाणे दोन मिनिटं उकळू द्या, गॅस बंद, झाकण, तासभर तसेच. बरेचसे गणंग यात उघडतात. तरी जे उरतील ते वेचून टाकून द्या.

जुना दाणा याच्या अगदी उलट. तो पाणी पितो, फुगतो, दिसायला सुंदर दिसतो, आणि शिजत मात्र नाही. शंभर ग्रॅम छोले चांगले भिजले की साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात, वजनकाटा असेल तर बघा, तर जुना दाणाही तेवढा भरतो आणि म्हणून फसवतो. याचं कारण मला समजलं तेव्हा सगळं कोडं सुटल्यासारखं वाटलं. दाण्याच्या आतल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, शिजणं म्हणजे ते पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होणं. ताज्या दाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम हे फायटिक आम्लाला बांधलेले असतात, पण दाणा उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने पडला की ते फायटिक आम्ल तुटत जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळे होतात आणि जाऊन पेक्टिनला धरतात, आणि कॅल्शियमने धरलेलं पेक्टिन सहजी विरघळत नाही. म्हणजे दाणा आतूनच सिमेंट झाला. मग तुम्ही कितीही शिट्ट्या द्या.

आता यात आपल्या माळव्याचा मोठा हात आहे बरं का. आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची पद्धत आहे, गव्हाचं ठीक आहे, पण मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा कडधान्यंही वर्षाची भरली जायची. मे महिन्यात गच्चीवर चादरी घालून सगळ्याला ऊन दाखवायचं, एक दिवस नाही, चार-चार दिवस, चाळीस-बेचाळीस डिग्रीत. किडा लागू नये म्हणून हे बरोबर आहे पण दाण्यातला ओलावा फार उतरला की साल आवळते आणि गणंग वाढतात. मग जूनमध्ये तेच डबे माळ्यावर, पत्र्याच्या खाली, आणि जुलै-ऑगस्टची दमट गरमी, त्यात तो दुसरा रोग लागतो, न शिजण्याचा. म्हणजे उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरा. त्यामुळे आता मी कडधान्य तीन-चार महिन्यांचंच आणते, एक दिवस सकाळचं ऊन देते, एरंडेलाचा हात फिरवते, आणि काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात खालच्या कपाटात, गॅसपासून लांब ठेवते. राजमा फ्रिजमध्ये जागा असेल तर फ्रिजमध्ये. वरच्या माळ्यावर काहीच नाही.

आणखी एक सवय मोडा, अर्धा डबा उरलाय त्यावरच नवीन ओतायचं. अर्धे विरघळले अर्धे ताठ, ही जी तक्रार आहे ना, तिचं दहातलं नऊ वेळा हेच कारण निघतं, जुना आणि नवा माल एकत्र. दोघांना लागणारा वेळच वेगळा आहे, एका कुकरमध्ये ते एकत्र शिजणार कसे. डब्यावर कागदी टेप लावून महिना लिहा, जुनं संपलं की धुऊन वाळवून मग नवीन.

खरेदीचंही थोडं सांगते. काबुली चणा, ज्याला इथल्या मंडीत डॉलर चना म्हणतात, तो आपल्या माळव्याचाच आहे, त्याची नवी आवक फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होते, म्हणजे होळीनंतर घेतला तर ताजा मिळायची शक्यता सर्वात जास्त. छावनीत किंवा सियागंजात विचारलंत तर तो ४२-४४, ५८-६० असे आकडे सांगतो, ते म्हणजे एका औंसात, साधारण २८ ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात ते; आकडा लहान तेवढा दाणा मोठा. मोठा दाणा सुंदर दिसतो पण भिजायलाही वेळ घेतो हे लक्षात ठेवा, ४२-४४ला मी बारा तास देते. राजमा डोंगराकडून येतो, तिकडे काढणी पावसाळा संपताना होते म्हणून तो दिवाळीनंतर घ्यावा. जुना राजमा ओळखायचा तर रंग बघा, चित्रा राजमा ताजा असताना फिका बदामी असतो आणि जुना होत जातो तसा गडद, तपकिरीकडे झुकत जातो.

आता पाणी. हेच माझ्या घरचं दुखणं होतं म्हणून जरा विस्ताराने. ज्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त, ते दुष्फेन पाणी, शाळेत शिकलोय, साबणाला फेस येत नाही ते. आपलं इंदूर काळ्या बेसाल्ट खडकावर बसलंय, त्याच्या भेगांतून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी असंच निघतं. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, साधारण सत्तर किलोमीटरवरून वर चढवून आणतात, ते नदीचं पाणी आणि त्यात दाणे पटकन शिजतात हा आमचा दोन्ही घरांचा अनुभव. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे पाणी प्यायला "पास" असूनही राजम्याला नापास असू शकतं. वर सांगितलं ना की कॅल्शियम पेक्टिनला धरतं, तर इथे तुम्ही बाहेरून कॅल्शियम पुरवताय, भिजवतानाही आणि शिजवतानाही. म्हणून नुसतं शिजवायला आरओ वापरून भागत नाही, भिजवायलाही तेच घ्या. माझी इथेच चूक होत होती, बरेच दिवस मी भिजवायला नळाचं आणि कुकरला आरओचं घेत होते आणि अर्धवटच फरक पडत होता.

घरात आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं चांगलं उकळा, झाकून गार होऊ द्या आणि वरचं अलगद ओतून घ्या, तळाशी पांढरा थर बसतो तो कॅल्शियमचाच. याने सगळे क्षार जात नाहीत, पण जो भाग उकळल्याने जातो तेवढ्यानेही मटकी-चवळीला पुरतं. सोसायटीत टँकर येतो त्यांनी तर दर वेळी लक्ष ठेवायला हवं, कारण टँकरचं पाणी आज एका बोअरचं तर उद्या दुसऱ्या, आणि मग "परवा तर छान शिजले होते" हे कोडं पडतं.

आता येऊ आंबटावर, आणि इथे मला जरा कळकळीने सांगायचंय. आपली उसळ म्हणजे आमसूल आणि गूळ, हे आलंच. आंबटाने पेक्टिन विरघळायचं जवळजवळ थांबतं, आणि गुळात साखर आहे, वर थोडं कॅल्शियमही आहे, म्हणजे दाण्याला ताठ ठेवायचं दुहेरी काम. शेजारच्या वहिनी फोडणी करून त्यात भिजलेले वाल, गोडा मसाला, आमसूल, गूळ, मीठ सगळं एकदम घालून झाकण ठेवायच्या आणि म्हणायच्या आमच्याकडे वाल कितीही वेळ ठेवा कडकच. त्यांचे वाल कोकणातून आणलेले, एकदम चांगले होते. आमसूल-गूळ शेवटच्या पाच मिनिटांत टाकायला सांगितलं आणि तेच वाल वीस मिनिटांत बोटचेपे झाले. जुन्या बायका "दाणा शिजल्याशिवाय आंबट दाखवू नये" म्हणायच्या ते किती बरोबर होतं बघा. टोमॅटो, चिंच, दही, लिंबू, सगळ्याला हाच नियम. आणि छोल्यांना काळा रंग यावा म्हणून जे सुका आवळा पुरचुंडीत बांधून कुकरमध्ये टाकतात, तोही आंबटच आहे हो! रंगासाठी चहापत्तीची पुरचुंडी टाका, आवळा मसाल्यात नंतर घाला.

मिठाबद्दल मात्र उलट सांगायचंय. मीठ आधी घातलं तर दाणा शिजत नाही असं आपण सगळ्या ऐकत आलो, मीही वर्षानुवर्षं मीठ शेवटी घालायचे. पण भिजवताना लिटरभर पाण्याला दोन सपाट छोटे चमचे मीठ घालून बघा, साल इतकी मऊ होते आणि फुटतही नाही. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, म्हणून. सकाळी ते पाणी टाकून दाणे धुऊन घ्यायचे, खारट होत नाही. आईंना हे पटवायला मला महिना लागला, आता त्या स्वतः घालतात.

सोडा मी वाईट म्हणत नाही. जुन्या दाण्याला आणि दुष्फेन पाण्याला त्याचा खरंच उपयोग होतो, कारण तो आंबटाच्या विरुद्ध काम करतो, पेक्टिन लवकर विरघळवतो. पण एक वाटी कोरड्या दाण्यांना पाव छोटा चमचा भिजवताना, आणि सकाळी स्वच्छ धुऊन टाकायचा, इतकंच. शिजवताना घालायची वेळ आली तर चिमूट. जास्त झाला की बी-१ जीवनसत्त्व जातं, साल सुटून बाहेरून गाळ होतो, आणि ती साबणाची चव, जी माझ्या मुलांना अजून आठवते.

भिजवण्यात ऋतू सांभाळा. मे महिन्यात ओट्यावर दहा तास ठेवलं तर पाण्याला फेस येतो, वास येतो, म्हणजे आंबायला लागलं, आणि आंबलं म्हणजे परत तेच आंबट. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये भिजवा किंवा मधे एकदा पाणी बदला. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री चांगल्याच गार असतात, तेव्हा कोमट पाण्यात भिजवा आणि दोन-तीन तास जास्त द्या. राजमा भिजताना आधी साल पाणी पिते आणि सुरकुतते, मग आतला गर फुगून साल परत ताणली जाते, तर सुरकुत्या दिसत असतील तर तो अर्धवट भिजलाय, अजून थांबा. एक दाणा सुरीने मधोमध कापा, मधे फिका कोरडा ठिपका दिसला तरी थांबा.

कुकरबद्दल थोडक्यात. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा, कारण मोठ्या गॅसवर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतात आणि बारीकवर पंधरा मिनिटांत एक, त्या आकड्याला अर्थ नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि तिथून टायमर. नीट भिजलेला दाणा, चांगलं पाणी, थेट कुकरमध्ये, असं धरून माझे आकडे: राजमा पंधरा ते वीस मिनिटं, मोठे छोले वीस ते पंचवीस, पांढरे वाटाणे दहा-बारा, चवळी पाच-सहा, आणि मोड आलेल्या मटकीला तर कुकर नकोच, कढईत झाकण ठेवून होते. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, कडधान्याला फेस येतो आणि तो शिट्टीत अडकतो, चमचाभर तेल घातलं की फेस कमी होतो. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून फुस्स केलं की आतलं पाणी एकदम उसळतं आणि साली फुटतात. बाजूने वाफ जात असेल तर रिंग बदला. उघड्या पातेल्यात शिजवणाऱ्यांना इतकंच, इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, पाणी इथे ९८ डिग्रीच्या आसपास उकळतं, मुंबईपेक्षा थोडा वेळ जास्त लागणार.

आणि राजम्याबद्दल ही गोष्ट कृपा करून सगळ्यांनी वाचा. लाल राजमा अर्धा कच्चा खायचा नाही, "थोडा कच्चा राहिलाय, चालतंय" हे राजम्याला चालत नाही. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, चार-पाच कच्चे दाणेही पुरतात, काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. किमान पाच तास भिजवून ते पाणी टाकून द्यायचं आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळायचं, दहा मिनिटं तर कमीत कमी, तीस दिली तर उत्तम. कुकरमध्ये हे आपोआप होतं. पण हल्ली मुलं हॉस्टेलवर छोट्या इलेक्ट्रिक भांड्यात किंवा स्लो कुकरमध्ये राजमा लावून ठेवतात, तिथे तापमान ८० डिग्रीच्या आसपासच राहिलं तर विष जायच्या ऐवजी वाढल्याचं आढळलंय. मुलगा बाहेर शिकायला असेल तर त्याला हे फोन करून सांगा, आजच सांगा.

आता समजा आज, या क्षणी, पाहुणे यायचेत आणि उसळ कच्ची राहिलीय, मसाला पडलाय, आमसूलही पडलंय. आमसुलं आधी चमच्याने वेचून बाहेर काढा. रस्सा गाळून वेगळ्या भांड्यात ठेवा. दाणे परत कुकरमध्ये, उकळतं आरओचं पाणी दाणे बुडतील एवढंच, एक चिमूट सोडा, शिट्टीनंतर दहा मिनिटं. मग ते पाणी टाकून दाणे रश्शात परत घाला, पाच मिनिटं उकळा आणि आमसूल-गूळ आता. टोमॅटो घातलेल्या छोल्यांनाही हेच. चव थोडी उतरते पण ताटात वाढण्यासारखी होते. आणि दहा मिनिटांनीही दाणा दाबला जात नसेल तर तो फार जुना आहे, छोले असतील तर मिक्सरमधून काढून बेसन-कांदा मिसळून कटलेट तळा. राजम्याचं मात्र असं करू नका, तो कच्चा असेल तर टाकूनच द्या.

यंदा होळीनंतर छावनीतून दोन किलो डॉलर आणला तेव्हा घरी येऊन भरायच्या आधी पंचवीस दाणे भिजवले. सकाळी एकच गणंग निघाला. आरओच्या पाण्यात बावीस मिनिटांत मऊ. मग डब्यावर टेप लावून "मार्च" लिहिलं आणि उरलेला अर्धा जाऊबाईंना पाठवला.